कौलांवरून न गेलेली तार

ये गं सोनू, बस मावशीजवळ. आल्या आल्या वायफायचा पासवर्ड काय मागतेस, आधी पाणी तरी पी!

हा वायफायचा खोका तापला, प्लास्टिकचा वास आला, की मला ती दुपार आठवते. पंचायतीतल्या अशाच खोक्यापासून आपल्या विहारातल्या कम्प्युटरपर्यंत तार ओढायची होती. माझ्या लेकीचा, सुनंदाचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मधल्या घरचे अण्णा आडवे आले. “तुमच्या वस्तीची तार माझ्या कौलांवरून नाय जायची.”

तारवाला म्हणाला, “काका, यात करंट नाय. इकडचा कम्प्युटर तिकडच्याला नुसता निरोप धाडतो.”

“निरोप पण नको.”

उन्हात तापलेलं तारेचं भेंडोळं मी मुकाट उचललं. सुनंदा टेंपोनं कर्जतला पोचली तोवर सायबर कॅफे बंद. पोरीचं वर्ष गेलं.

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला कौलं फुटायची भीती असेल. कसली भीती! देवळाच्या भोंग्याची तार त्याच कौलांवरून गेली होती. आज त्याचा राग येतोच, पण मी गप्प बसले त्याचा जास्त येतो.

आता आपल्या खोक्याचा सिग्नल त्या कौलांतून आरपार जातो, कुणाला विचारत नाही.

घे पासवर्ड. आणि पुढच्या खेपेला सुनंदाला घेऊन ये गं. गच्चीवरून तुम्हाला ती कौलं दाखवते.