माणसागणिक एक बटन

आता माझ्या हातून झालेला घोळ मीच सांगते. राजुऱ्यात तो बाकी सगळ्यांनी सांगून झाला आहे, आणि प्रत्येकानं त्यात आपापलं मीठ टाकलं आहे. माझ्याकडे निदान मूळ चव तरी आहे.

लग्नाला पाच महिने झाले होते. माहेर गडचिरोलीचं, सासर राजुऱ्याचं. आमच्या ह्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि सोबत गावभर केबलची वायर टाकायचं काम. म्हणजे अर्धा दिवस हे लोकांच्या टीव्हीच्या पोटात आणि अर्धा दिवस लोकांच्या छपरावर. मागच्या पावसाळ्यात ओल्या कवेलूवरून, म्हणजे कौलांवरून, घसरून थेट एका गोठ्यात उतरले होते. म्हैस मऊ होती म्हणून वाचले. तेव्हापासून सासूबाईंचं देवाकडे एकच मागणं: पोरगा छपरावरून खाली येऊ दे.

देवानं ऐकलं. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराच्या रूपानं ऐकलं.

त्यांना सगळं गाव नुसतं भाऊ म्हणायचं. भाऊंनी नवा बंगला बांधला. हॉलमध्ये एक टीव्ही, त्यांच्या आईच्या खोलीत एक, वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेच्या खोलीत एक. स्वयंपाकघरात आणि मागच्या ओसरीत भिंतीत बसवलेले स्पीकर. हे सगळं हॉलमधल्या एका कपाटात एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे कुठलाही आवाज कुठल्याही खोलीत नेता यायचा. यायचा म्हणजे, ज्याला जमेल त्याला. रिमोट होते सात. काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, सातही रिमोट प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून, रबर लावून पापडाच्या डब्यात ठेवून दिले होते. बातम्या लावायच्या तर आधी पापड बाहेर काढावे लागत.

भाऊंनी ह्यांना बोलावलं. "मले एकच रिमोट पाह्यजे. माझ्या मायलेही चालवता आला पाह्यजे. जमलं तं माझ्यासारखे अजून चार ठेकेदार घरं बांधून राह्यले, त्यायचं कामही तुलेच."

चार बंगले! म्हणजे वर्षभराचं काम, तेही पंख्याखाली, जमिनीवर उभं राहून. सासूबाईंनी त्याच दिवशी नारळ फोडला.

ह्यांनी नागपूरहून एक शिकणारा रिमोट आणला. त्याच्यासमोर जुना रिमोट धरून बटन दाबलं की नवा ते काम शिकून घेतो. शिवाय एकाच बटनात पाच-सहा कामं ओळीनं भरता येतात. कोणत्या बटनात काय भरायचं ते मात्र माणसानंच ठरवायचं. ह्यांनी रात्रंदिवस बसून कागदावर नकाशा काढला. हॉलची बटनं, वरची बटनं, ओसरीची बटनं. एकूण बेचाळीस.

मी चहा ठेवायला गेले आणि तोंडातून निघून गेलं, "एवढी बटनं दाबणार कोण?"

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, त्या घरातलं माझं ते सर्वांत लांब वाक्य होतं. सासूबाई सुपातले तांदूळ तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलते वाटते. तिलेच करू दे मंग."

सासूबाईंनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. ह्यांनी ते मनावर घेतलं.

माझा विचार साधा होता. टीव्ही काही खोली पाहत नाही, माणूस पाहतो. मग बटनं खोल्यांची कशाला? माणसांची करू. एका माणसाला एक बटन. दाबलं की त्याचा टीव्ही सुरू, त्याचं चॅनल, त्याला लागतो तेवढा आवाज, लागतो त्याच खोलीत. घरात माणसं पाच. मुलगा-सून एकाच खोलीत, तेव्हा त्यांचं मिळून एक. बेचाळीसची झाली चार. हे माझ्याकडे असे बघत राहिले की लग्नातही तसं बघितलं नव्हतं.

पण कोण काय पाहतो ते कळायला हवं ना? म्हणून ह्यांच्यासोबत तीन दिवस भाऊंच्या घरी गेले. पहिल्या दिवशी ह्यांनी रीतसर विचारलं. भाऊ म्हणाले, फक्त बातम्या, बाकी टीव्ही म्हणजे टाइमपास आहे. आजी, म्हणजे भाऊंची आई, म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ भजन, अजून या वयात काय पाह्यजे. काकू म्हणाल्या, मले पाहाले वेळ कुठी आहे बाई.

सगळं मी वहीत लिहून घेतलं. पुढचे दोन दिवस हे भिंतीतल्या वायरी तपासत होते आणि मी बायकांत बसून होते. कधी स्वयंपाकघराच्या दाराशी, कधी ओसरीत लसूण सोलत. आमच्याकडे नवी सून म्हणजे कोपऱ्यातल्या माठासारखी. आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्यासाठी कोणी आपलं वागणं बदलत नाही. त्यात मी न बोलणारी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तर ते घर मला पूर्ण विसरून गेलं.

सांगितलेलं आणि दिसलेलं यात थोडा फरक निघाला. मी दिसलेलं धरलं.

खरं सांगते, यात खोडसाळपणा काही नव्हता. शिंपी माप घेतो तेव्हा गिऱ्हाईक सांगतं ती कंबर धरतो का? टेप सांगेल ती धरतो. मी तेच केलं. चार बटनांत चार माणसं भरली, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या: आई, भाऊ, काकू, वर. ह्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." काय भरलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. दुकानातल्या एका टीव्हीवर त्यांनी बटनं दाबून पाहिली. चित्र येतंय एवढं बघितलं आणि खूश झाले.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी भाऊंनी त्या चारही ठेकेदारांना बायकांसकट बोलावलं. पुरुष हॉलमध्ये सोफ्यावर, बायका आतल्या दाराशी सतरंजीवर, मी बायकांच्याही मागे. आजी मधोमध खुर्चीत, हातात माळ. हे कपाटाजवळ उभे, इस्त्रीच्या शर्टात. भाऊंनी रिमोट असा वर धरला, जणू सागवानाचा लिलाव सुरू होतो आहे.

"पहिलं बटन माझ्या मायचं," ते म्हणाले. "टीव्हीचा तिले शौकच नाई. भजन एके भजन."

आणि दाबलं.

टीव्ही लागला तो आजींच्या खोलीतला. चित्र दिसलं नाही, पण दिसायची गरजही नव्हती. आजींना ऐकू जरा कमी येतं, पडद्याला कान लावून बसायच्या, म्हणून मी आवाज शेवटच्या टोकाला ठेवला होता, आणि दुपारी त्या ओसरीत बसतात म्हणून तिथल्या स्पीकरलाही जोडला होता. दोन्हीकडून एकदम चड्डीतल्या गोऱ्या पहिलवानांची कुस्ती सुरू झाली. धाडधाड आपटल्याचे आवाज, प्रेक्षकांच्या किंकाळ्या, कोणीतरी खुर्ची मोडली. एका पाहुण्यानं चहाचा कप खाली ठेवला.

हॉलमध्ये सगळे आजींकडे बघत होते. आजींनी माळ ओढणं थांबवलं, आतल्या खोलीकडे कान केला आणि शांतपणे विचारलं, "आज तो लंब्या केसाचा हाये काय?"

"चुकून दुसरं लागलं," म्हणत भाऊंनी घाईघाईनं दुसरं बटन दाबलं. ते त्यांचंच.

कुस्ती बंद झाली. हॉलमधला मोठा टीव्ही लागला. पडद्यावर एक मांजर एका उंदरामागे पळत होतं. आवाज अजिबात नव्हता. त्या दोन दिवसांत मी पाहिलं होतं ना, भाऊ दुपारी बायका जेवायला बसल्या की दार लोटून हेच पाहायचे, आवाज पूर्ण बंद करून, तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत. मी त्यांची सोय बघितली होती, दुसरं काय?

एक ठेकेदार म्हणाला, "भाऊ, बातम्याले आवाज नाई येऊन राह्यला."

आजी म्हणाल्या, "तो बिनआवाजाचंच पाहते. लहानपणापासून गुपचूप हसाची सवय हाये त्याले."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच ते भर बैठकीत माझ्याकडे सरळ बघत होते, आणि ते प्रेमानं नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वीज तयार होते आणि आमच्याच जिल्ह्यात ती जाते. पण भारनियमनाला मी आयुष्यात कधी इतके मनापासून हात जोडले नव्हते. अंधारात कोणीतरी खोकलं. आता पाहुणे उठतील, घरी जातील, सकाळपर्यंत विसरतील, असं मला वाटलं.

पण भाऊंच्या घरी जनरेटर होता. नवाच. धडधड करत तो सुरू झाला, उजेड आला, आणि पडद्यावर तेच मांजर, तोच उंदीर.

भाऊंना ते घालवायचं होतं. त्यांनी हाताला लागलं ते बटन दाबलं. ते काकूंचं होतं.

आता काकूंचं बटन कसं होतं ते सांगते. काकू खरंच टीव्ही पाहत नसत. रोज अकरा वाजता त्या आजींच्या खोलीत भक्तीचं चॅनल मोठ्यानं लावून देत, ओसरीतही तेच, आणि स्वयंपाकघरातला स्पीकर मात्र बंद. कारण फोन स्वयंपाकघरात होता आणि पलीकडे त्यांची चंद्रपूरची बहीण. विषय एकच असायचा. तो खुर्चीत माळ घेऊन बसला होता.

अख्खा बंगला टाळ-मृदंगानं दणाणला. आतल्या बायका एकमेकींचं बोलणं ऐकायला दारातून स्वयंपाकघरात सरकल्या. तिथे अगदी शांत. "इथी किती छान ऐकू येते," एक पाहुणी म्हणाली.

आजी ऐकू कमी येणाऱ्या, पण समजायला चांगल्याच. त्या काठी टेकत उठल्या, आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, तिथला गोंगाट ऐकला. मग स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तिथली शांतता ऐकली. तिथे ठेवलेल्या फोनकडे बघितलं. मग कढईपाशी उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे, काकूंकडे.

"मनलं, रोज अकरा वाजताच देव काऊन जागा होते," त्या म्हणाल्या.

काकू भजी तळायला वळल्या. कढईखाली गॅस पेटलेला नव्हता, तरी त्या तळत राहिल्या.

उरलं एक बटन, वरचं. भाऊंचा अंगठा तिकडे निघाला होता. तोवर जिन्यात उभा असलेला त्यांचा मुलगा तीन पायऱ्या एकदम उतरला आणि बापाच्या हातातून रिमोट काढून घेतला. "राहू द्या बाबा. दिसलं सगळ्यायले." त्याची बायको वरच्या कठड्याशी लालबुंद होऊन उभी होती. त्या बटनात काय होतं ते मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढं तरी मी शिकले.

परत येताना स्कूटरवर हे एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं माझ्या ओळखीचं, पण दुसऱ्या बाजूनं ते किती लांब वाटतं हे पहिल्यांदाच कळलं. दारात सासूबाई उभ्याच होत्या. ह्यांनी चप्पल काढली, शिडीकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या कवेलूवर चढा लागते." सासूबाईंना तेवढं पुरलं. मी रडले नाही, पण कांदे मात्र त्या रात्री गरजेपेक्षा जास्त चिरले.

सासूबाईंचं आठ दिवस माझ्याशी बोलणं बंद. आता आमच्या घरात न बोलणाऱ्या दोघी झाल्या.

नवव्या दिवशी पहिला ठेकेदार दुकानात आला. मग दुसरा. महिना संपायच्या आत चौघंही येऊन गेले. भाऊंच्या आईनं रिमोट नातवाच्या हातून काढून घेतला होता आणि उशीखाली ठेवला होता. कुस्ती आता उघडपणे, हॉलमध्ये, सगळ्या घराबरोबर चालायची. ते ऐकून चौघांच्याही घरच्या म्हाताऱ्या माणसांनी हट्ट धरला होता. चौघांनाही तसाच रिमोट हवा होता, तशीच मोठी बटनं, माणसागणिक एक.

अटही चौघांची एकच होती. "घर पाहाले तू एकटाच येजो. बाईले आणू नको. आमी सांगू तेच बटनात टाकजो."

ह्यांनी अट जागच्या जागी मान्य केली. विचार करायला घोटभर चहाचाही वेळ घेतला नाही.

तर असे आमचे हे छपरावरून खाली उतरले. सासूबाई आता चार बायकांत सांगतात की हे सगळं सुनेच्या डोक्यामुळे झालं. मी खोलीत आले की आधी टीव्ही बंद करतात, मग सांगतात.