उंडोचं गळू आणि डावीकडची पाकळी

देवावर माझा विश्वास होता, पण त्याहून जास्त विश्वास माझ्या स्वतःच्या डोक्यावर होता, हे आधीच कबूल करते. देवळात जायचे, ओटी भरायचे, नवस बोलायचे, सगळं यथासांग करायचे. पण मनात सगळं आधीच ठरवून जायचे आणि देवीनं फक्त मान डोलवावी एवढीच अपेक्षा असायची. त्या वर्षी देवीनं मान डोलवली नाही. मला तेव्हा इतका राग आला होता की आज आठवलं तरी माझंच मला हसू येतं.

आम्ही तेव्हा कारापूरला राहत होतो. गोवा राज्य होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. माझं माहेर सावंतवाडीकडचं. नवरा खाणीच्या ट्रकवर, सकाळी जायचा आणि संध्याकाळी तांबड्या धुळीनं माखून यायचा. आमची एकुलती एक मुलगी दिव्या, आठ वर्षांची. घरात मालवणी, शाळेत मराठी आणि खेळताना कोंकणी, अशा तीन भाषांत ती मला उलट उत्तरं द्यायची. खाणीवरच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या मुलाचा गिनीपिग आमच्या यांनी घरी आणला. ससा नाही, उंदीर नाही, शेपूट तर मुळातच नाही. पोदेर, म्हणजे आमच्याकडचा पाववाला, सकाळी आणतो त्या उंडो नावाच्या गोल पावासारखा तपकिरी आणि फुगीर, म्हणून दिव्यानं त्याचं नाव उंडो ठेवलं. मी मात्र त्याला उंदीरच म्हणायचे. तुझा उंदीर कोथिंबीर खातो, मग मी आमटीत काय घालू, हे माझं रोजचं रडगाणं. पण मी भाजी निवडायला बसले की तो खोक्यातून शीळ घातल्यासारखा ओरडायचा, आणि मी बडबडत का होईना, देठं टाकायचेच.

एक दिवस शीळ आली नाही. दिव्यानं त्याला उचलून आणलं तर जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. वाळल्या गवताची काडी तोंडात टोचली असावी असं मागाहून कळलं. चार दिवसांत ती गाठ लिंबाएवढी झाली. उंडो कोपऱ्यात अंग फुगवून बसायचा आणि तोंडापाशी धरलेलं पान नुसतं हुंगायचा. आणि आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलं, तो जेवला तरच मी जेवणार. आधीच ती पोर काटकुळी, पावसाळ्यातल्या काविळीतून नुकती उठलेली. पहिल्या दिवशी मी रागावले. दुसऱ्या दिवशी भाताचा एकेक घास करून भरवायला बसले तर तिनं तोंड मिटून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेलेले दिसले. साखळीच्या गुरांच्या दवाखान्यात निरोप धाडला, तर डॉक्टर लाटंबार्स्याला गुरांना लस टोचायला गेलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी भेटतील असं कळलं.

आता माझा एक गुण सांगायला हवा. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी घरातली उरलेली औषधं जपून ठेवायचे. अर्ध्या बाटल्या, चार गोळ्या राहिलेली पाकिटं, मलमं. शेजारणींना ताप आला, दात दुखला की त्या आधी माझ्याकडे यायच्या आणि मी डब्यातून काढून द्यायचे. मला वाटायचं आपण अर्ध्या डॉक्टरच आहोत. त्या डब्यात दिव्याच्या कानदुखीसाठी लिहून दिलेल्या अँटिबायोटिकची उरलेली एक न फोडलेली बाटली होती. पावडरीची, पाणी घातलं की गुलाबी होणारी, अमॉक्सिसिलिनची. गळू म्हणजे पू, आणि पू म्हणजे अँटिबायोटिक. यात विचारायचं ते काय? पण दिव्या उंडोला उराशी धरून म्हणाली, तुला नक्की ठाऊक आहे का? आणि मला पहिल्यांदाच नक्की म्हणता येईना. तेव्हा ठरवलं की यावर देवीचा शिक्का घ्यावा. सातेरीला प्रसाद लावू, ती उजवा देईल, पोरीचं समाधान होईल आणि मी मोकळी.

ज्यांना आमच्याकडची ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव आपलं गाऱ्हाणं देवीपुढे मोठ्यानं मांडतो आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या सोमवारी देऊळ भरलेलं होतं. कुणी विहीर खणायची का विचारत होतं, कुणी मुलीचं स्थळ. पेडण्याहून आलेलं एक म्हातारं जोडपं जमिनीचा तंटा घेऊन बसलं होतं. देवळाच्या नव्या सभामंडपाचं काम चालू होतं, घाटावरचे गवंडी आणि बायका बाहेर वाळू चाळत होत्या. एवढ्या लोकांत उठून मी काय सांगू, माझ्या उंदराला गळू झालंय म्हणून? माझा नंबर आला आणि मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, मुलीच्या गळ्याखाली गळू झालंय, घरात औषध आहे ते देऊ का.

गुरवकाकांचा चेहरा एकदम मऊ झाला. हात जोडून त्यांनी देवीला सांगितलं, "माये, हिच्या चेडवाच्या गळ्याक गळू जालां. घरांत वखद आसा. तें दिवपाचें जाल्यार उजवो प्रसाद दी."

अर्धं मिनिटही गेलं नसेल, डावीकडची पाकळी पडली. इतकी स्वच्छ पडली की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसली. मला पटेना. मी गुरवकाकांना म्हटलं, काका, अर्धा चमचा देऊ का, तेवढं विचारा. ते म्हणाले, बाई, हा बाजार नाही, देवीकडे घासाघीस करायची नसते. लोक हसले. मी तोंड फिरवून तरातरा घरी आले. येताना वाटभर देवीला सुनावत होते की तुला औषधातलं काय कळतं.

घरी आल्या आल्या बाटली काढली, खुणेपर्यंत पाणी घातलं, हलवली आणि ड्रॉपरमध्ये भरली. दिव्याला म्हटलं, धर त्याला, तोंड वर कर. देवीनं नाही म्हटलंय हे मी तिला सांगितलंच नाही. तिनं विचारलं, मी हूं केलं. ड्रॉपर उंडोच्या ओठाला लागणार एवढ्यात दारात बोलण्याचा गलका झाला. बघते तर गुरवकाकी, सोबत आणखी दोघी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर शहाळ्यांची पाटी घेतलेली सभामंडपावरची एक कामकरीण. बिचाऱ्या पोरीच्या गळ्याला गळू, त्यात देवीनं औषधाला नकार दिलेला, म्हणून त्या काळजीनं धावत आल्या होत्या. काकींच्या हातात लेपासाठी उगाळलेली मुळी होती. त्यांनी दिव्याचा गळा या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला, हनुवटी वर करून बघितला. गळा कसा तांब्यासारखा लख्ख. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग दिव्यानंच उंडोला पुढे केलं आणि म्हणाली, गळू ह्याला झालंय.

मला वाटलं आता या माझी शोभा करणार. पण त्या हसायच्या आधीच ती कामकरीण पाटी खाली ठेवून आत आली. तिचं नाव यल्लूबाई, बेळगावकडची. तिनं माझ्या हातातली गुलाबी बाटली बघितली, वास घेतला आणि ड्रॉपर सरळ काढूनच घेतला.

"ह्ये पाजू नगा बाई," ती म्हणाली. "ह्यानं मरतंय त्ये."

नवऱ्यासोबत बांधकामावर यायच्या आधी यल्लूबाई सात वर्षं एका औषधांच्या प्रयोगशाळेत झाडलोटीला होती. तिथे शेकडो गिनीपिग पाळलेले. त्यांचे पिंजरे ती धुवायची, त्यांना गवत घालायची. तिथे एकदा एका नव्या माणसानं आजारी जनावरांना याच जातीचं औषध पाण्यातून पाजलं आणि चार दिवसांत ओळीनं पिंजरे रिकामे झाले. माणसाला जे औषध तारतं ते या जिवाच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकतं, मग खाल्लेलं पचत नाही आणि जीव जातो. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून हे सांगितलं होतं, ते तिच्या पक्कं लक्षात राहिलं होतं. आणि नुसत्या औषधानं हे गळू जायचं नाही, आतला पू काढायलाच हवा, हेही तीच म्हणाली. मी बाटली मोरीत ओतली. सभामंडपाच्या कामाचं पाणी आमच्या अंगणात सांडलं म्हणून आदल्या आठवड्यात मी याच बाईला घाटी म्हणून फटकारलं होतं. आता तीच माझ्या स्वयंपाकघरात बसून उंडोच्या पाठीवरून बोट फिरवत होती, आणि तो तिच्या मांडीवर मुकाट पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दिव्या आणि यल्लूबाई साखळीला गेलो. उंडो पाटीत, वर टॉवेल. कंडक्टरनं कोंबडी समजून पाटी टपावर टाकायला सांगितली, तेव्हा दिव्या त्याच्याशी तिन्ही भाषांत भांडली. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, मी म्हशींचा माणूस, एवढा लहान पेशंट पहिल्यांदाच बघतोय. पण यल्लूबाईचं म्हणणं ऐकून त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि तिच्याकडे बघून मान हलवली. ही बाई बरोबर बोलते, म्हणाले. यल्लूबाईनं उंडोला टॉवेलात गुंडाळून धरलं, डॉक्टरांनी बधिर करून छोटासा छेद दिला आणि आतून घट्ट दह्यासारखा पू निघाला. मी भिंतीकडे तोंड केलं. दिव्या मात्र डोळे मोठे करून सगळं बघत होती. जखम त्यांनी सलाईननं धुतली, पण टाके घातले नाहीत. वरून लवकर मिटली तर आत पुन्हा पू धरेल, तिला आतून भरत येऊ द्या, म्हणाले. त्याला सोसेल असं सल्फाचं औषध दिलं, थेंब मोजून सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही, लेंड्या पातळ झाल्या किंवा थांबल्या तर लगेच यायचं. मध्येच थांबवायचं नाही म्हणताना त्यांनी माझ्याकडेच का बघितलं, देव जाणे.

घरी यल्लूबाईनं मला शिकवलं. औषधाची पिचकारी तोंडात समोरून घालायची नाही, दातांच्या मागे बाजूनं सरकवायची, एकेक थेंब, त्याला गिळायला वेळ द्यायचा. पेरूचा गर आणि कोथिंबीर वाटून तेही तसंच भरवायचं, आवळ्याचा रस थोडा. मी, अख्ख्या वाड्याची डॉक्टरीण, पाट्यावर उंदरासाठी कोथिंबीर वाटत बसले. दिवसातून दोनदा जखम धुवायची, खपली धरू द्यायची नाही. पहिले दोन दिवस काहीच फरक दिसेना. दिव्या पेजेचे दोन घास घ्यायची, तेही माझ्या तोंडाकडे बघून.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांबडी भाजी निवडत होते. खोक्यातून बारीकसा आवाज आला. मी थांबले. पुन्हा आला, जरा मोठा. मी देठ टाकलं आणि उंडोनं ते दोन्ही पंजांखाली धरून टोकापासून कुरतडायला घेतलं, जराही न थांबता, जणू मधे काही झालंच नव्हतं. दिव्या शाळेतून आली, तिनं ते बघितलं, दप्तर तिथंच टाकलं आणि म्हणाली, आई, मला भात वाढ, आमटी पण, आणि पापड पण. तिनं दोनदा भात घेतला. मी वाढत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान मला नव्हतं. भक्तांच्या गोष्टींत देवाघरून आलेलं माणूस मदत करून नाहीसं होतं असं वाचलं होतं. आमची यल्लूबाई काही नाहीशी झाली नाही. सभामंडप पुरा होईपर्यंत ती रोज चार वाजता चहाला यायची, आणि मी साखर कमी घालते म्हणून कुरकुरायची.

दहा दिवस औषध पुरं झालं, जखम भरली, वर तांबूस केस आले. पण माझ्या मनातली गाठ तशीच होती. देवीपुढे, गुरवाच्या तोंडून, मी खोटं गाऱ्हाणं घातलं होतं. पुढच्या सोमवारी दिव्याला घेऊन गेले. देऊळ त्या दिवशीही भरलेलं. माझा नंबर आला तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की मी खोटं बोलले होते, आजार मुलीला नव्हता, घरातल्या गिनीपिगला होता, आणि लाज वाटली म्हणून मी लपवलं. आता काय प्रायश्चित्त सांगाल ते करते. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"आतां जेवता न्ही गो तो?" गुरवकाकांनी विचारलं.

"जेवता," मी म्हटलं.

"मागीर जालें," मग झालं तर, असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर तीर्थ घातलं आणि पुढच्याला बोलावलं.

एवढंच. मी इतके दिवस बांधून ठेवलेलं ओझं त्यांनी असं उतरवून ठेवलं. परतताना शेताच्या बांधावरून दिव्या माझ्या पुढे उड्या मारत चालली होती. मध्येच थांबली, मागे वळली. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं हे दिसत होतं. म्हणाली, आई, माझ्या गळ्याला खरंच गळू झालं असतं तर ते गुलाबी औषध मला चाललं असतं ना? मी म्हटलं, चाललं असतं, तुझ्या कानाला तेच तर दिलं होतं डॉक्टरांनी. मग ती विचार करत म्हणाली,

"म्हणजे तुवें देवीक फट सांगली, पूण देवीन तुका फट सांगूंक ना."

मी खोटं बोलले होते, देवी खोटं बोलली नव्हती. मी विचारलं मुलीसाठी आणि उत्तर मिळालं ज्याला गरज होती त्याच्यासाठी. हे कसं झालं, पाकळी वाऱ्यानं पडली की कशानं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण त्या बांधावर मी चप्पल काढून देवळाच्या दिशेनं उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीकडे काहीही मागितलं नाही. दिव्या ओरडली, आई, चल, उंडोला भूक लागली असेल. मी म्हटलं, आले गो.