वय झालं होतं

"वय झालं होतं," दादा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. ते ऐकून माझ्या मस्तकात तिडीक जात होती.

आई बार्शीजवळचं गाव सोडून जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आली, ती माझ्या चार वर्षांच्या लेकीला सांभाळायला. लेक बालवाडीतून रोज काहीतरी घेऊन यायची, कधी चित्र, कधी सर्दी. आई पदरानं तिचं नाक पुसायची आणि त्याच पदरानं स्वतःचं तोंड. मी ओरडले की म्हणायची, "लेकराचा शेंबूड म्हंजी काय इख हाय व्हय?"

लेकीला फ्लूची लस दिली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात साठीपुढचं कोणी आहे का? त्यांनाही द्या, दरवर्षी. पोरं दोन दिवस तापतात, म्हाताऱ्यांच्या तेच छातीत उतरतं.

घरी येऊन सांगितलं तर आई हसली. "सुया लेकरान्ला. माजी हाडं मुरल्याली हायेत." दादा फोनवर म्हणाला, "ह्या वयात कशाला टोचाटोची?" आणि मी म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्यात लेक तापली. तिसऱ्या दिवशी सोफ्यावर उड्या मारत होती. त्याच दिवशी आईला कणकण आली आणि आठवड्यात तिला ऑक्सिजन लागला. दवाखान्यात विचारलं, लसी कोणत्या घेतल्यात? मी धावत घरी जाऊन फाईल आणली. डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि परत दिली. फाईल लेकीची होती. जन्मापासूनचा एकेक डोस, तारखेसकट. आईच्या नावाचा एक चिटोरा घरात नव्हता.

लस घेतली असती तर वाचल्याच असत्या, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. दुखणं हलकं जाण्याची शक्यता होती, एवढंच म्हणाले. तेवढी शक्यतासुद्धा आम्ही तिला दिली नाही.

शेजारच्या काकू आल्या आणि दादानं पुन्हा तेच सुरू केलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "वय नव्हतं झालं, दादा! लस व्हायची राहिली होती!"

त्याच्यावर ओरडणं सोपं होतं. 'बघू' म्हणणारी मीच होते.

आवाज ऐकून लेक आतून आली. नाक पुन्हा गळत होतं. माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस होता. ती दोन्ही हातांनी माझ्या कमरेशी पदर शोधत राहिली.