जुनं खमीर

शहागंजच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा नान भाजायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पीठ फुगवायचं आंबट खमीर तो एका मडक्यात ठेवायचा. रोज सकाळी त्यात मूठभर ताजा मैदा कालवायचा आणि झाकण ठेवण्याआधी मडक्याला कान लावायचा. त्याच्या वडिलांच्या वेळचं खमीर होतं ते.

गेल्या हिवाळ्यात दुकान महिनाभर बंद होतं. उघडलं तेव्हा नानला पूर्वीची चव नव्हती. मी विचारलं, "चाचा, खमीर बदललं का?"

"व्हय. आता बाजारातलं पाकीट." तो लाटी थापत म्हणाला, "बीवी दवाखान्यात होती. सकाळी नर्स म्हणाली, जवळच थांबा. मी म्हटलं, खमीर मरंल, अर्ध्या तासात येतो. परत गेलो तर तिचं तोंड झाकलेलं."

त्यानं थापलेली लाटी हातावर घेतली.

"खमीर जगलं, साहेब. त्या दिवशी लई फुगलं होतं. मी ते नालीत ओतलं."

त्यानं नान तंदूरच्या भिंतीला चिकटवला, पण हात आतच राहू दिला. शेवटी मीच त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला.