आधी मास्तरांची सही

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत होते. रडू आलं नाही. सुटले एकदाचे, असं वाटलं, आणि मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. तंबाखूच्या वखारीत त्यांचा जन्म गेला. काकू गेली ती बेळगावच्या दवाखान्यात, श्वासाच्या मशीनवर. नळी उपसून काढेल म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. ते बघून आल्यावर आप्पा मला म्हणाले, "माझे हात बांधू देऊ नकोस गं. विजूला न्हाय जमायचं, त्यो लई हळवा. माझ्या वतीनं तूच बोल." विजू त्यांचा मुलगा, बंगळूरला असतो.

तसं लिहून ठेवता येतं. आपली शुद्ध गेली तर कोणते उपचार नकोत, आपल्या वतीनं कोण ठरवणार, हे कागदावर मांडायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, ती बघून साक्षीदारांनी आपली करायची, आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. एवढंच! मी कागद टाइप करून आप्पांच्या घरी ठेवला, नोटरीची वेळ घेतली, आणि सकाळी न्यायला गेले तर शेजारच्या अण्णांची आणि मास्तरांची सही झालेली, आप्पांची जागा कोरी! मास्तर तर सही करून पहाटेच्या गाडीनं लेकीकडं कोल्हापूरला गेलते.

"अहो आप्पा, तुमची कुठाय?"

"थोरल्यांच्या आधी मी कशी करू? आता करतो की."

पंगतीत शेवटी बसणारा, सगळ्यांना देऊन उरला तर चहा घेणारा माणूस... तरी आप्पांची सही बाईंसमोरच होईल म्हणून अण्णांना घेऊन तसेच गेलो. नोटरीबाईंनी कागद परत दिला. "साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघितलंच नाही, मग साक्ष कशाची? नवा कागद करा, तिघं एकदम या."

"दुसरा साक्षीदार बघू," असं मी किती वेळा म्हटलं. "मास्तरांना डावलायचं? वाईट दिसतंय ते," हे एकच उत्तर. मी चिडले, भांडले, जेवण सोडलं. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. मास्तर यायच्या आतच आप्पांना झटका आला.

दवाखान्यात मी तोच अर्धवट कागद घेऊन उभी. डॉक्टर भले होते. "तुमचं खरं असेल ताई, पण ज्यांची इच्छा त्यांचीच सही नाही." विजू धावत आला. "माझा बा हाय त्यो! मशीन लावा." त्याला तरी काय दोष द्यायचा? आप्पांचे हात बांधले. मी काचेतून बघत राहिले.

गेल्या आठवड्यात मी माझा कागद केला. अण्णा आणि मास्तर साक्षीला आले, नोटरीबाईंसमोर बसलो. बाईंनी माझ्या हातात पेन दिलं आणि मी... सवयीनं ते मास्तरांपुढं धरलं.

मास्तरांनी हात मागं घेतला. "न्हाय गं पोरी," ते म्हणाले, "आधी तू."