नाताळचा विलायती डबा

आमच्या वडिलांना नव्या वस्तूंचा भारी सोस. दुसरी मोठी लढाई संपून वर्षभर झालं असेल, नगरच्या कॅम्पातल्या दुकानांत विलायती माल पुन्हा दिसायला लागला होता. नाताळाला आठवडा राहिला असताना ते शाळेच्या कामासाठी नगरला गेले आणि संध्याकाळच्या मोटारीनं कोल्हारला परतले ते काखेत तीन डबे घेऊन. धोतराला ही धूळ, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लढाई यांनीच जिंकली!

"अहो, हे काय आणलंत?" आईनं विचारलं.

"नाताळचा खाऊ. गोरे लोक हाच खातात."

साखर रेशनवर होती. दसऱ्यापासून आई स्वतः गुळाचा चहा पीत होती आणि साखर बाजूला काढून ठेवत होती, ती नाताळाच्या करंज्यांसाठी. आणि हे गृहस्थ डबे घेऊन आले! मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणजे वडिलांना दोन शब्द सुनावण्याइतकी मोठी झाले होते. पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून मीच डबे उलटून बघायला लागले.

"समोरच्या काकूंसाठी आणलंय," ते म्हणाले. "कारखान्यात यंत्रावर बनतं. माणसाचा हात लागत नाही. आता कशा नाही म्हणतील?"

आमच्या समोर बागाईतदाराचं घर. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडं फराळाचं ताट यायचं, नाताळाला आमच्याकडून त्यांच्याकडं जायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, ही गावाची रीत. काकू गोड बोलून ताट घ्यायच्या, वाटाणे नाहीतर गूळ घालून परत करायच्या. पण एका नाताळाला मी त्यांच्या गोठ्यामागून येत होते, तर आईच्या करंज्या गाईच्या पुढ्यात! आमचे आजोबा बाप्तिस्मा घ्यायच्या आधी गावकुसाबाहेर राहायचे, ते कोण विसरणार? मी संतापून घरी सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "एकदा तरी खाऊन बघाया पायजे हुतं तिनं." तेव्हापासून दर नाताळाला तिचा जीव त्या ताटात अडकलेला असायचा. बांगड्या विकणारी मुसलमान चाची आमच्या दारात बसून चार करंज्या हाणायची आणि सारण कमी भरलंय म्हणून तोंडावर भांडायची. पण आईला समोरचं घर हवं होतं.

मग आधी आपण चाखून बघू, असं ठरलं. पहिल्या डब्यात खारी बिस्किटं. झाकण उघडलं आणि मला शिपायाच्या पायमोज्यांची आठवण झाली. "चीज आहे ते," वडील म्हणाले. एक खाल्लं, डोळे मिटून गिळलं, आणि म्हणाले, "सवयीनं आवडेल." अहो, खाऊ आहे की औषध?

दुसऱ्या डब्यात पुडिंग. ते डब्यासकट दोन तास उकळायचं! चुलीपुढं बसून माझे डोळे लाल झाले, अर्धी मोळी लाकडं जळली. आतून निघाला काळा गोळा, आणि घरभर दारूचा वास. आमच्या घरात, जिथं दारूचं नाव काढलं तरी प्रार्थना व्हायची! वडील डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचत बसले. एक शब्द अडला म्हणून कोश काढला, आणि त्यांचा चेहराच उतरला. गुराची चरबी. "हे समोर गेलं असतं म्हणजे?" मी ओरडले. "गावात राहू दिलं असतं का आपल्याला?" त्यांनी डबा फडताळात ढकलला.

उरला तिसरा. चांदणीच्या आकाराची, वर गुलाबी साखर थापलेली बिस्किटं. मैदा, लोणी, साखर, एवढंच लिहिलं होतं. कोश उघडून दोनदा खात्री केली. चवीला म्हणाल तर खडू. मी शाळेत दिवसभर खडूच खाते, मला कळतं.

नाताळच्या सकाळी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आल्यावर आईनं ताट भरलं. एका बाजूला चांदण्या, आणि शेजारी तिच्या चार करंज्या. "बिस्किटांच्या संगं त्याबी जातील," ती म्हणाली. मी नको म्हटलं. ऐकेल तर ना!

काकू ओट्यावरच होत्या. डब्याचं ऐकून त्यांनी एक चांदणी उचलली आणि आमच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकली. "अगं बया! लई ग्वाड हाय की! विलायती न्हवं?" एकेक करत त्यांनी सगळ्या चांदण्या पदरात घेतल्या. ताटात उरल्या चार करंज्या. त्यावर मूठभर शेंगा घालून त्यांनी ताट आईच्या हातात परत दिलं. "ह्या ऱ्हाऊ द्या तुमाला," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "साखर कुठं मिळतीया आता?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गाईला घालत होत्या तेच बरं होतं, निदान ताट तरी रिकामं व्हायचं! बोलायला तोंड उघडलं तर आईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "व्हय, खरं हाय," ती काकूंना म्हणाली, हसून.

वडील दारातच उभे होते. "खाल्लं का?"

"खाल्लं. माझ्यादेखत खाल्लं," आई म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्यांना कोण आनंद! माझ्या मनात आलं, यांना ते ताट दाखवावं. पण आईनं तोवर करंज्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं.

"पुढल्या साली असले दोन डबे आणा," ती म्हणाली.

"आणि करंज्या?" मी विचारलं.

"करीन की," आई म्हणाली. "चार कमी करीन."