केस लावण्याआधी थांबवणाऱ्या मालतीताई

वकील मालतीताईंची आणि माझी ओळख त्यांच्या बेलापूरच्या ऑफिसात झाली. माझा नवरा निखिल नोकरीसाठी कॅनडाला गेला होता. "सेटल झालो की बोलावतो," म्हणाला होता. मग एकदा फोनवर म्हणाला, "आपलं नाही जमणार. तू मोकळी हो." म्हणून मी घटस्फोटाची केस लावायला आले होते.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "तू केस लावतेयस, की त्याला बोलावणं धाडतेयस?"

मी कागदांची पिशवी उघडायला लागले.

"तारखेला तरी येईल असं वाटतंय ना? नाही येणार. तिथूनच कुणाच्या तरी नावे अधिकारपत्र पाठवेल. ते चालणार असेल तर ये. आत्ता चहा पी आणि घरी जा."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांनी जिंकलेल्या केसेसबद्दल बाकीचे लिहितीलच. मला मात्र आलेलं अशील परत पाठवणाऱ्या ताई आठवतात. तेव्हा भयंकर राग आला होता. आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटवर मी दर शनिवारी पडदे झटकायचे, कपाटांच्या वरनं फडकं मारायचे, कारण निखिलला धुळीने शिंका यायच्या. घरात शिंकणारं कुणीच नाही, हे एका शनिवारी स्टुलावर उभी असताना लक्षात आलं. तशीच बसले तिथे. सोमवारी जाऊन सांगितलं, "ताई, तो नाही आला तरी चालेल."

ताईंनी लगेच कामाला सुरुवात केली. दोघांच्या संमतीचा अर्ज. तारखेला निखिलच्या वतीने माझे सासरे आले, साताऱ्याहून, एसटीने. कोर्टाच्या पॅसेजमध्ये ते दिसले आणि सवयीने मी पाया पडले. सवयीनेच ते म्हणाले, "अखंड सौभाग्यवती भव."

बाकड्यावरची माणसं बघायला लागली. एक वकील तर खुदकन हसले. सासऱ्यांचा चेहरा पडला. "चुकलं गं पोरी. तोंडातनं निघून गेलं."

ताई हसल्या नाहीत. सासऱ्यांना हाताला धरून बसवलं, स्वतःची पाण्याची बाटली दिली. "चुकलं कसलं, काका? दुसरा द्या की. आशीर्वादाला काय तोटा!"

सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "वेळेवर जेवत जा."

निकालाच्या दिवशी अशिलाला एकटं घरी सोडायचं नाही, हा ताईंचा नियम. माझा निकाल लागला तेव्हाही सासरे आले होते; आम्ही तिघांनी जवळच्या हॉटेलात राइसप्लेट खाल्ली. सासरे स्टँडवर गेले, मला ताईंनी त्यांच्या घरी नेलं. कुलूप त्यांनीच उघडलं; घरात दुसरं कुणी नव्हतं. आत गेल्या गेल्या टीव्ही लावला, पण बघितला नाही. "आवाज असू दे गं," म्हणाल्या. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तशाच बसलो.

ताईंना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे ठणठणीत राहोत, कोर्टाच्या जिन्यात त्यांनी आम्हा तरुणांना असंच मागे टाकावं, आणि केस घेऊन आलेल्यांना असंच चहा पाजून परत पाठवावं.

आणि ताई, संध्याकाळी कधी घर फारच गप्प वाटलं तर फोन करा. मी घरीच असते. आता कुणाच्या फोनची वाट बघत नाही, त्यामुळे कुणाचाही आला तरी बरं वाटतं.